कडूबांना उशीर का व्हायचा

या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गॅस एजन्सीचे मालक माननीय अण्णासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती कडूबा, त्यांच्या सौभाग्यवती साळूबाई, आणि जेवणाचा वास येत असूनही शांत बसलेल्या परतूरकर बंधू-भगिनींनो,

मी वामन पाठक, आपला एक साधा ग्राहक.

तीस वर्षं कडूबांनी घरोघर टाक्या पोचवल्या. टाकी खांद्यावरून उतरवायची, झाकण काढायचं, तोंडावर साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का ते बघत बसायचं. एखाद्या बाईंनी गॅसच्या नळीला हौसेनं फुलाफुलाचं कापड शिवलेलं असायचं. "मावशी, नळीला झबलं कशाला? चीर पडली तर दिसंल का?" की लगेच ते काढायला लावायचे. आता अशा माणसाला पुढच्या घरी उशीर होणार की नाही?

झालाच. चार वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आठवड्यात, आमच्या कॉलनीतून एजन्सीत तक्रार अर्ज गेला: हा माणूस फार वेळ लावतो, बदलून द्या. अण्णासाहेबांनी दसऱ्यानंतर कडूबांना टेंपोवरून उतरवून गोदामात बसवायचं ठरवलं. कडूबांना ते कळलंही होतं.

त्यातच खंडेनवमीला ते आमच्याकडे टाकी घेऊन आले. त्या दिवशी आमच्या घरी विळी, पोळपाट, शेगडी, सगळ्यांची पूजा असते. मग नव्या टाकीनंच काय पाप केलं? आमच्या सौभाग्यवती शरयूबाई पेटतं निरांजन घेऊनच स्वयंपाकघरात आल्या.

"वहिनी, ते आधी अंगणात ठेवा."

"अहो, दोन मिनिटांची तर पूजा."

"मंग मला बी दोनच मिनिटं द्या. देव थांबतो, गॅस न्हाई थांबत."

निरांजन बाहेर गेलं. कडूबांनी झाकण काढून फेस लावला, तर बुडबुड्यांची रांगच लागली. आतलं वॉशर फाटलेलं. त्यांनी टाकी उचलून मोकळ्यावर नेली, दुसरी आणली, तिलाही फेस लावला. जाताना म्हणाले, "आता करा बराबर पूजा. पण नुसतं हळद-कुंकू. दिवा देवघरात."

शरयूबाईंनी अंगणातलं निरांजन उचलून देवघरात नेलं. मी चपला घातल्या, थेट एजन्सीत गेलो आणि अर्ज परत घेतला. होय मंडळी, तो अर्ज माझाच होता. चार वर्षं हे कडूबांना सांगायचं धाडस झालं नाही. कडूबा, आज सर्वांसमक्ष...

काय म्हणालात? जरा मोठ्यानं सांगा. ऐका मंडळी, कडूबा म्हणतायत, "माहीत हाय सायेब. अर्जावर तुमचा ग्राहक नंबर व्हता."

म्हणजे सगळं माहीत असूनही हा माणूस चार वर्षं माझ्याच ओट्याखाली वाकून फेस लावत होता.

अण्णासाहेबांचे आणि संयोजकांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, तर आपण मोठ्या मनानं पोटात घाला. कडूबांची माफी मात्र माइकवरून मागण्यासारखी नाही. मी खाली उतरून त्यांच्याकडेच जातो.