तांब्याच्या तारेचे तीन पदर

नाव : श्रीमती लता अनंतराव उमरीकर, वय ४७ वर्षे, व्यवसाय : भौतिकशास्त्राच्या शिक्षिका, मूळ रा. अहमदपूर, जि. लातूर, ह. मु. मौजे तेंभूरखेडा, ता. किनवट, जि. नांदेड.

मी आज दि. ११/०१/२०२५ रोजी, कोणी बोलावलेले नसताना, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की,

मी तेंभूरखेडा येथील मुलींच्या निवासी विद्यालयात अकरा वर्षांपासून अकरावी-बारावीला शिकवते. दि. ०९/०१/२०२५ रोजी सकाळी ६.२० च्या सुमारास वसतिगृहात पेट्यांच्या खोलीतील वायरिंग पेटले. बावीस मुलींच्या पेट्यांपैकी तेरा जळाल्या. बाकीच्या नऊ बारावीतल्या शिवांगीने ओढून बाहेर काढल्या. तिची स्वतःची पेटी त्या नऊमध्ये नव्हती. त्यात तिचा उजवा हात भाजला.

त्याच दिवशी गृहपाल तारामतीबाईंनी तक्रार दिली की, शिवांगीने खोलीत विजेची किटली लावल्यामुळे आग लागली. त्या सर्वांसमोर म्हणाल्या, "हजार वॅटची किटली हाय. तळाला छापलंय की. अजून काय पुरावा पायजे?" दुपारी शिवांगीकडून माफीनामा घेण्यात आला. त्यावर डाव्या हाताचा अंगठा आहे. मुलीला सही येते, अक्षरही चांगले आहे. हात बँडेजमध्ये होता. तिला शाळेतून काढण्याचे ठरले असून बारावीची परीक्षा महिन्यावर आली आहे.

तिचे वडील भुजंग हे लोहा तालुक्यातून काल आले. ते मला म्हणाले, "बाई, पोरगी म्हन्ती माझ्याच हातून झालं. तुम्ही शिकीवता तिला. खरं हाय का हे?" मी त्यांना म्हणाले, खोटं आहे. तेवढे बोलून मी घरी गेले. रात्रभर मला स्वतःची लाज वाटत होती, कारण मी त्यांना अर्धेच सांगितले होते.

किटली ठेवायला मनाई आहे हे खरे. ती तिच्याकडे आहे हे मला माहीत होते. दि. १८/१२/२०२४ रोजी सकाळी मी वसतिगृहातच त्या किटलीवर प्रात्यक्षिक घेतले होते. दाब १६० व्होल्ट भरला. टाँगटेस्टरच्या चिमट्यात वायर धरली तेव्हा करंट ३ अँपिअर दिसला. १६० ला ३ ने भागले की रोध येतो, तो ५३ ओहम आला. १६० ला ३ ने गुणले की शक्ती येते, ती ४८० वॅट आली. तळाला छापलेले हजार वॅट २३० व्होल्टचे आहेत. थंडीत सगळीकडे शेतातले पंप चालू असतात, त्यामुळे आमच्याकडे सकाळी २३० व्होल्ट कधी येतच नाहीत. छापलेला आकडा वाचायला कोणालाही येतो. मोजायला कोणी आले नाही. हे गणित शिवांगीच्या वहीत तिच्या अक्षरात असून खाली माझी सही आहे. वही तपासायला माझ्याकडे होती म्हणून आगीतून वाचली. ती मी हजर करीत आहे.

पुढच्या पानावर वसतिगृहाची टाकी रोज सकाळी भरणाऱ्या बोअरच्या पंपाचा आकडा आहे : १७ अँपिअर. किटली उलट वागते. दाब कमी झाला की ती कमी ओढते, पंप मात्र जास्त ओढतो. दोन्ही पेट्यांच्या खोलीतून जाणाऱ्या एकाच लाइनवर आहेत. ती वायर व तिचा फ्यूज १५ अँपिअरचा. किटली नसती तरी वायर तापतच होती. फ्यूजची तार वितळून लाइन बंद पडायला हवी होती. ती वितळली नाही. पंचनाम्यात फ्यूज शाबूत असल्याची नोंद आहे, पण आत कोणती तार होती हे लिहिलेले नाही.

आत तांब्याच्या तारेचे तीन पदर पिळून घातलेले आहेत. ते दि. १२/१२/२०२४ रोजी मी घातले. त्या आठवड्यात फ्यूज तीनदा उडाला होता, टाकीत पाणी चढत नव्हते, वायरमन निरोप देऊनही आला नाही आणि मुली अंघोळीविना वर्गात येत होत्या. कोणी मला तसे करायला सांगितले नव्हते. मला येत होते म्हणून मी केले. मी दरवर्षी फळ्यावर लिहिते की फ्यूजची तार मुद्दाम कच्ची ठेवायची असते. प्रात्यक्षिकाच्या दिवशी १७ आकडा मुलींना वाचून दाखवला तेव्हा तो फ्यूज माझ्यापासून दोन हातांवर होता. मी विसरले होते असे म्हणणार नाही. पाणी चढत होते, म्हणून मी ते झाकण पुन्हा उघडले नाही.

जमादार साहेबांनी लेखणी थांबवून विचारले, "बाई, हे लिवलं तर तुमच्यावर येईल. नौकरीचं बघा. लिवू का?" मी म्हणाले, लिहा. आणि शिवांगीचा माफीनामा रद्द करावा, तिला परीक्षेला बसू द्यावे, हेही लिहा. मनाई मोडल्याबद्दल शाळेने तिला काय बोलायचे ते बोलावे, आगीबद्दल बोलू नये. हात बरा झाला नाही तर पेपर लिहायला तिला लेखनिक द्यावा.

माझा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "फ्यूजमध्ये कोणीतरी तार घातली" असे आले होते. ते खोडून त्या जागी माझे पूर्ण नाव घालून घेतले आणि बाजूला सही केली. आता तो मी सांगितला तसा व खरा आहे.