पंक्चर झालेले गहू

...आणि वर म्हणते, नीट चावून खा! काय चावू? आता तुम्हीच सांगा, दुधात भिजवलेले ओट्स चावायचे कसे? दाताखाली येतच नाहीत हो ते, लगदा होऊन आपले आपणच खाली जातात, आणि आमची आई समोर बसून माझ्या जबड्याकडे टक लावून बघतेय, जसं काही जबडा थांबला की मी संपलो!

तुम्हाला सांगतो, आमचं स्वयंपाकघर आधी असं नव्हतं. मैदा होता, साखर होती, लोणी होतं, आणि सगळ्यात वरच्या फळीवर दादाचा बिस्किटांचा डबा होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सामान पोचवायची व्हॅन चालवायचा. घरी आला की चपलेसकट आत, स्टुलावर चढून डबा खाली! आई म्हणायची, "अरे, जेवायच्या आधी नको रे..." पण म्हणताना हसायची. आणि मी हात घातला की? "ठेव ते! दादाला राहू दे!" दुधावरची साय दादाला, पावाला दोन्हीकडून लोणी दादाला, आणि मला काय, तर दादाचा आखूड झालेला शर्ट आणि दादाची चेन पडणारी सायकल.

मग डॉक्टर दादाला तपासून म्हणाले, ह्याचं हृदय बरं नाही. आहारवाल्या बाईंकडे पाठवलं. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मैदा बंद, साखर बंद, तळलेलं बंद. घरातलं सामानच बदला." दादा म्हणाला, "बाई, मग चालू काय राहिलं?" आणि आई हसली हो! पदर तोंडाला लावून हसली. तोच विनोद मी घरी येऊन केला, तर म्हणते, "थट्टा सुचतेय मेल्या तुला?"

सामान काही बदललं नाही. दादा गेला. सिग्नलला गाडी उभी केली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि... मागचे लोक हॉर्न मारत होते म्हणे. शिव्या घालत होते. त्यांना काय माहीत... जाऊ दे. मी डब्यांचं सांगत होतो.

तर पाहुणेरावळे परतले आणि आईनं कंबर कसली. मैदा, साखर, लोणी सगळं उचलून शेजारच्या काकूंना. काकूंचा नवरा तेव्हापासून असा गुटगुटीत झालाय, की मला त्याच्याकडे बघवत नाही! आणि आमच्या फळीवर काय? ओट्स, मसूर, राजमा, हरभरे, लाल तांदूळ, जवस, अक्रोड... म्हटलं, "आई, हे कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"मला काय धाड भरलीय? दिवसभर टायर उचलतो मी!"

"तोही हेच म्हणायचा," म्हणाली.

जवसाची पूड गिळली. लाड दादाचे आणि पथ्य माझं! सांगा, कुठल्या कोर्टात जाऊ?

आणि एवढं सगळं घराबाहेर गेलं, पण वरचा बिस्किटांचा डबा? जागचा हलला नाही. एकदा स्टुलावर पाय ठेवला, तर आतल्या खोलीतून आवाज, "ठेव ते!" अहो, माणूस गेला तरी डबा त्याचाच! जिवंत माणसाशी भांडता येतं, ह्याच्याशी भांडायचं कसं?

बरं, खरी गंमत पुढेच आहे. परवा आई म्हणाली, "गहू आण. त्या बाई म्हणाल्या होत्या ना, होल गहू का काय, तेच आण." आता माझं शिक्षण म्हणाल तर शाळेला माझा कंटाळा आला म्हणून मी तिला सोडलं. माझा धंदा पंक्चरचा. आमच्यात होल म्हणजे एकच! मनात म्हटलं, असेल बाबा, गव्हाला भोक पाडत असतील, हवा खेळत असेल, पचायला हलका होत असेल... मोठ्या लोकांची खाणी!

दुकानात गेलो, पोत्यात हात घालून दाणा न् दाणा उजेडात धरून बघतोय. सगळा गहू धडधाकट! एकालाही होल नाही! मग कोपऱ्यात एक पोतं दिसलं, आणि अहाहा, काय होल हो! दाण्यागणिक एक, गोल, सुबक, मशीननं पाडल्यासारखं!

"ह्यातले द्या," म्हटलं.

दुकानदार म्हणाला, "अरे, ते वेगळं काढून ठेवलंय."

"वेगळंच पाहिजे."

"भोकं आहेत रे त्याला!"

"भोकंच पाहिजेत!"

माझ्याकडे बराच वेळ बघितलं त्यानं. हळूच म्हणाला, "घेऊन जा. पैसे नकोत." मला वाटलं, भाऊ गेला म्हणून माणुसकी दाखवतोय. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या!

घरी आईनं पिशवी परातीत ओतली. गहू चालायला लागले.

"हे काय आणलंस?"

"होल गहू. एकेक दाणा तपासलाय, बिनहोलाचा एक सापडला तर नाव बदलीन."

"अरे मेल्या... किडके आहेत हे!"

आणि आईचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, झालं, रडली. बघतो तर हसतेय! दादा गेल्यापासून पहिल्यांदा! आणि कुणाच्या विनोदावर? माझ्या! माझी छाती अशी फुगली, आयुष्यात पहिल्यांदा दादावर मात! आणि तेवढ्यात ती वळली, त्याच्या खोलीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "अरे ऐकलंस का, धाकट्यानं काय आणलं बघ..."

हात तसाच वर राहिला तिचा. परातीत किडे आपले निवांत चालतायत.

जळलो हो मी! आतून बाहेरून जळलो. पण खोटं कशाला बोलू... दाराकडे मीही बघितलं होतं. कारण त्यालाच तर सांगायचं होतं! मांडीवर थापा मारून हसला असता, आणि मरेपर्यंत मला 'होल' म्हणून हाका मारल्या असत्या... म्हणजे, मी मरेपर्यंत.

आई उठली. स्टूल ओढलं, वर चढली, डबा काढला. एक बिस्कीट माझ्या हातावर ठेवलं. "खा."

तोंडात टाकलं. सादळलेलं! मऊ, दाताखाली येईना, थेट लगदा... ओट्स परवडले!

"कसं आहे?"

"कुरकुरीत आहे," म्हटलं.

तर समोर बसली, माझ्या जबड्याकडे बघत म्हणाली, "नीट चावून खा."

बघा आता धाकट्याचं नशीब! शर्ट दादाचा, सायकल दादाची, आणि जन्मात एकदा लाड वाट्याला आला... तोही दादाचाच, सादळलेला.