खडूचं घर

हॅलो?… हो गं ताई, मीच. माझा फोन दुसरं कोण उचलणार?… नाही, बोल ना. नवीन कापड अजून गाडीतून उतरतंय, टेबल रिकामं आहे.

काय कळवलं?… नाही, अजून नाही कळवलं. चार वाजेपर्यंत हो की नाही सांगायचंय. आता सव्वातीन होतायत… तुझ्यासाठीच थांबले होते. तुला सांगितल्याशिवाय कसं कळवू?

हो, शहरातल्या त्याच मोठ्या कारखान्यात. कटिंगची मुख्य. हाताखाली बावीस माणसं, ताई. बावीस! इथे माझ्या हाताखाली एक कात्री आणि एक कुरकुरणारा पंखा…

हो, हो… अगं ऐक ना… हातचं सोडून पळत्याच्या पाठी नाही लागलेय मी. तू आधी ऐकून तर घे!

भाडं? माहितीये. इथल्या अडीचपट… मोठं कुठलं! इथल्याच्या अर्धं आहे. अडीचपट भाडं आणि अर्धं घर. हस, हस… हो, अंथरूण पाहून पाय पसरावेत, आईने मलाही शिकवलंय. पण अंथरूण कापणारी मीच आहे ना.

लांब स्वस्त मिळतंय. बघितलं तेही. ऐसपैस आहे, गॅलरी आहे, गॅलरीत ऊन आहे. पण तिथून शाळेला दोन बस. भिंगरी सकाळी सहाला घर सोडणार आणि संध्याकाळी मरगळून येणार… नको गं. एकुलती एक पोर, तिचा चेहरा फक्त झोपलेला बघायचा का मी? शाळेच्या गल्लीतलं ते छोटं घर, नाहीतर जायचंच नाही. असं ठरलं आमचं.

अगं, शाळेचाच तर सगळा खटाटोप! इथली शाळा आठवीला संपते. आता आठवीत जाईल ती, मग पुढे काय? तिथे बारावीपर्यंत आहे. प्रयोगशाळा आहे, खरी, नळ आणि बर्नर असलेली… फी आहेच. वाढलेला पगार निम्मा शाळेत जाणार, निम्मा भाड्यात… उरणार काय? मी उरेन. मुख्य म्हणून!

परीक्षा दिली ना तिने. पास झाली! शुक्रवारी पत्र आलं… तुला नाही सांगितलं. कारण… कारण तिलाच जायचं नव्हतं, ताई. पत्र वाचलं, नीट घडी घातली आणि म्हणाली, "तुम्ही दोघं जा. मी येणार नाही."… हो, एवढंच. जेवली पण नाही त्या दिवशी.

मी काय करणार? आधी ओरडले… हो, चुकलंच. मग विचार केला, आपल्याला काय येतं? कापायच्या आधी मांडून बघायचं, एवढंच येतं. एकदा कात्री चालली की कापड परत सांधता येत नाही. म्हणून घर मांडलं.

अगं, घर म्हणजे घर! रविवारी, इमारतीच्या पार्किंगमध्ये, खडूने… वेडबिड काही लागलेलं नाही मला. एजंटने खोल्यांची मापं पाठवली होती. त्यावरून आधी खाकी कागदावर खोल्या कापल्या, एका फुटाला एक इंच धरून. मग कागद बघून खाली जमिनीवर खऱ्या मापाचं काढलं. भिंती, दारं, खिडक्या, बाथरूम, सगळं. भिंगरीचा पलंग खाली नेला, टेबल नेलं, कपाट नेलं. आणि दिवसभर राहिलो तिथे.

लोक? जमले की! वॉचमन म्हणाला, "मॅडम, आत यायचं कुठून?" म्हटलं, बेल वाजवा. तर गृहस्थ दारात उभा राहून खरंच 'टिंग टाँग' म्हणाला… आणि आमचा हा! चष्म्याच्या दुकानात जगाच्या डोळ्यांना काचा बसवतो आणि स्वतः तीन वेळा भिंतीतून आरपार गेला… नाही, त्याच्या कामाची काळजी नाही. डोळे सगळीकडेच अधू असतात म्हणतो. तिकडच्या दोन दुकानांनी बोलावलंय पण.

तर ऐक ना. सगळं मावत होतं. पलंग, टेबल, कपाट, आम्ही तिघं. भिंगरीसुद्धा दोनदा हसली. मी मनात म्हटलं, जिंकलो! आणि संध्याकाळी ही कार्टी माझा टेप घेऊन बसली. एका हातात एजंटची मापं, दुसऱ्या हातात टेप. म्हणते, "आई, ही खोली नऊ फूट आहे. तू दहा काढलीयेस."

एकच नाही गं, सगळ्याच. प्रत्येक खोली लांबीला फूटभर जास्त, रुंदीला फूटभर जास्त… ओळख बघू! तू पण शिवतेस ना… अगं, शिवणीची माया! खाकी कागद समोर आला आणि सवयीने चारी बाजूंनी अर्धा अर्धा इंच जास्तीचा सोडला. शिवणीत जाणार म्हणून! भिंती कधी कुणी शिवतं का?… एकोणीस वर्षं हात तेच करतोय. त्याला काय कळतंय, शर्ट आहे की घर आहे.

तू हस. मला नव्हतं हसू आलं. सगळं पुसलं, खऱ्या मापाने काढलं. पलंग ठेवला की टेबल दाराबाहेर. टेबल आत घेतलं की कपाट बाथरूममध्ये. बसले मग मी तिथेच, स्वयंपाकघराच्या मधोमध, आणि रडले… हो, वॉचमनसमोर. कसली लाज! म्हटलं, संपलं. नाही जायचं. उद्या नाही म्हणून कळवून टाकते.

काय बरं झालं? काही बरंबिरं नाही झालं, पुढचं ऐक!

भिंगरी उठली. उरलेल्या खाकी कागदाचे तिने तुकडे कापले. हा पलंग, हे टेबल, हे कपाट, सगळं मापात. आणि कागदी खोलीची माया छाटून लागली तिच्यात सरकवायला. मी बाह्या कशा मांडते कापडावर? एकीच्या रुंद टोकाशेजारी दुसरीचं अरुंद टोक, मध्ये चिंधीसुद्धा वाया जाऊ नये म्हणून… तश्शी! लहानपणी माझ्या टेबलाखाली खेळत बसायची ना, तिथून बघितलं असणार. मला वाटायचं, चिंध्यांशी खेळतेय.

काय केलं म्हणजे? पलंग खिडकीला लावला आणि टेबल पलंगावरच घेतलं, पायांकडच्या बाजूला. झोपली की पाय टेबलाखाली! कपाट मग सहज बसलं. वर हातभर जागा उरली! बाप म्हणाला, "झोपेत लाथ मारलीस तर पुस्तकं पडतील." तर म्हणते, "मग अभ्यास लवकर संपेल."

आणि मग… थांब, हे सांगताना मलाच कसंतरी होतंय. मग ती एका खडूच्या रेघेपाशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, "ही भिंत माझी हं. हिला कुणी हात लावायचा नाही." माझी म्हणाली, ताई! येणार नाही म्हणणारी पोरगी, भिंत माझी म्हणाली! मी असली खूश झाले… वॉचमनला चहा पाजला.

काय?… कुणाकडे?… तुझ्याकडे ठेवू तिला?

नाही गं… नाही, ताई. घर मोठं आहे तुझं, माहितीये. दोन्ही पोरं नोकरीसाठी बाहेरगावी गेल्यापासून तर फारच मोठं झालंय, ते पण माहितीये मला… रडू नकोस ना… अगं, मला काय कमी वाटतंय? सकाळी उठले की पहिला फोन तुझा. तुला सोडून जायचं अगदी जिवावर आलंय माझ्या. पण पोरगी वाटून नाही घ्यायची. जायचं तर तिघांनी.

आणि तू यायचंस… हो, राहायला… कुठे म्हणजे? तुझी गादीसुद्धा मांडून बघितलीय तिने. स्वयंपाकघरात, आडवी. बरोब्बर बसतेस… घोरलीस तर तीन घरांना ऐकू जाईल, बाकी काही नाही.

हां, आता कशी हसलीस!

थांब, थांब… दुसरा फोन येतोय. अगं बाई, त्यांचाच! चार कुठे वाजलेत? घाई त्यांनाच झालीय… काय?… नीट ऐकू नाही आलं, परत म्हण… 'जा' म्हणालीस?… खरंच म्हणालीस ना?… बरं. बरं! ठेवते. अगं, ठेव आता, कट होईल त्यांचा!

हॅलो?… हो साहेब, मीच बोलतेय… हो, ठरलं. येतेय… एक तारखेला. तिघंही… नाही, पगाराचं बोलणं झालंय आपलं. एकच मागणं आहे. कटिंगचं टेबल… तेच, त्या दिवशी दाखवलंत ते. फार उंच आहे, साहेब. इथलंही तसंच, एकोणीस वर्षं खोक्यावर उभी राहून कापतेय मी… नाही, नाही, खोकं नको मला. टेबलाचे पाय कापून ठेवा. चार इंच… हो, माझ्या येण्याआधी.

बाकीच्यांना?… बाकीचे वाकतील की थोडे.