खांद्याचं माप

कॅमेऱ्याच्या दुकानात फोटोग्राफरच्या पुढे एक नवराबायको उभे होते. तेही त्याच्यासारखेच, बॅगेला पट्टा घ्यायला आलेले.

"पट्टा दणकट द्या," नवरा म्हणाला. "मागचा एका लग्नाचे फोटो काढतानाच तुटला."

"हा घ्या साहेब, रुंद आहे, आत गादी आहे. अडकवून बघा."

"वा! वजन जाणवतच नाही."

"अहो, मला तो गुडघ्यापर्यंत येईल."

"तुझा काय संबंध?"

"बॅग मीच वाहते ना."

"माझे हात मोकळे लागतात, म्हणून."

"आणि बसमध्ये? जिन्यात?"

"मग ताई, तुम्हीच घालून बघा. कुठल्या खांद्यावर घेता?"

"डाव्या. उजवा हात आता वर जात नाही."

"हे मला कधी सांगितलं नाहीस!"

"सांगितलं होतं. तुम्ही फोटो काढत होतात."

दुकानदाराने पट्टा आखूड केला. ते दोघे गेले.

"बोला साहेब, तुम्हाला कसा हवा?"

फोटोग्राफरला मान वर करवेना. त्याने मागे उभ्या आपल्या बायकोपुढे हात केला.

"दे ती बॅग इकडे."

"आता? दुकानात पोचल्यावर?"