झील कोणाची

थांबवा ते रेकॉर्डिंगचं मशीन. थांबवा म्हणते ना — काऊन हात हलवून राहिले होते तुमी? गा बाई, गा बाई, असं? तुमाले वाटलं म्हातारी विसरली. मी विसरली नाई जी. दोन ओळी झाल्या का तिथं थांबा लागते — गाणारी ओळ टाकते, झीलवाला मागून तीच ओळ उचलते, तेवढ्यात गाणारीनं दम घ्याचा. झील म्हणतेत त्याले. मुंबईत नसन ठाऊक, बरं, नसन.

माहा झीलवाला कुठं हाय म्हणता? नाई ना. आमच्या इंदूचे बाबा होते माह्या झीलले, ते गेल्या पोळ्याले गेले. आता मी अन् हे एकतारी, बस. पेटी नोको, तबला नोको, तुमच्या त्या क्लारनेटवाल्याले चहा पाजा अन् परत धाडा, बिचारा सकाळपासून अकोल्याच्या गरमीत या गोदामातल्या रुईच्या गठाणीवर बसून हाय. अन् झीलले तो गोड गळ्याचा गडी आणला तुमी — आयकला मी. गोडच हाय. आमचे इंदूचे बाबा काय गोड गात होते? छट्! बिडीनं जळालेला गळा, एक सूर वर, एक खाली. पण एका गावात — नाव घेत नाई त्या गावाचं — हेच गाणं चालू होतं, मेलेलं ढोर आता ओढणार नाई म्हणून, अन् अंधारातून गोटा आला. माह्या कपाळावर. हे पाहा, खूण हाय अजून. मी खाली बसली, तं त्याइनं ओळ उचलली, पुरी केली, पुढची बी म्हटली. दुसरा गोटा त्याइले बसला. तरी ओळ खाली पडू देली नाई. अन् तुमी मले गोड गळा दाखवून राहिले.

माहा गळा फाटला म्हणता? मग? म्हातारीचा गळा म्हातारीसारखाच येईन ना! तसाच भरा तव्यात, तुमच्या त्या रेकॉर्डीत.

मधात रिकामी जागा आली तं गिऱ्हाईक म्हणन रेकॉर्ड बिघडली? म्हणू द्या. एकतारी वाजून राहीन ना तिथं. अन् रिकामी कुठं हाय ती? तुमाले आयकू येत नाई, मले येते — जाऊ द्या, हे सांगाचं नोतं तुमाले. घरी चूल पेटवताना बी मी ओळ म्हणते अन् थांबते. इंदू म्हणते, माय, कोणाची वाट पाहून राहिली? मी म्हणते, दूध ऊतू चाल्लं, तिकडं पाय. रडत नाई मी. तुमच्यासमोर तं नाईच नाई.

आता आखरीचं. तव्याच्या गोल कागदावर माहं नाव छापसान, चतुराबाई. त्याच्याखाली छापा — झील, अन् त्याइचं नाव. आवाजच नाई त्याचं नाव कसं छापाचं? जागा त्याइची हाय म्हणून छापाचं! नाई जमत? मग उचला मशीन. नांदगावची मोटार हाय आता, मी चालली. तव्याआधी गात होती, तव्याबिगर बी गाईन.

जमते? हं. मंग लिहा.

काय लिहू म्हणता... हो. मी अजून इंदूचे बाबाच म्हणून राहिली, नाई का. नवऱ्याचं नाव घ्याचं नाई, मायनं शिकवलेलं. छप्पन साली दीक्षा घेतली, देव सोडले, उपास सोडले, हे एवढं सुटलं नाई. ते हसत. म्हणत, चतुरे, गोट्याले भेली नाई, अन् माह्या नावाले भेतं? एक डाव घेऊन तं पाय. म्या तोंडाले पदर लावला अन् आत निंगून गेली. आता वाटते, घ्याले पायजे होतं. त्याइच्या कानावर पडलं असतं.

लिहा. मोतीराम.

पाहून काय राहिले? करा चालू. अन् मी थांबली का हात हलवाचा नाई. चूप बसाचं.