लिंबाचं घड्याळ

कडूलिंबाचं झाड आमचं घड्याळ व्हतं म्हणलं, तर तुमाला खरं वाटायचं न्हाई, गड्यानो! दुसऱ्या म्हायुद्धाचा काळ, घरात घड्याळ कुठलं! आमची आन चुलत्याची विहीर एकच. लिंबाच्या शेंड्याची सावली बांधावरच्या धोंड्याला टेकली, की चुलत्यानं मोट सोडायची आन आमी जुपायची. एक दिवस आमचा ऊस वाळाय लागलेला, आन सावली काय टेकंना! बघतोय तर शेळ्यांच्या पाल्याच्या नावाखाली चुलत्यानं शेंडाच छाटलेला!

आय म्हणाली, "भावजी, मोट सोडा."

"सावली टेकू दे की, वैनी!"

आयनं पदर खोचला, सरसर लिंबावर चढली आन छाटल्या जागी ताठ उभी राहिली. तिच्या डोक्याची सावली बराबर धोंड्यावर! वरनं वरडली, "टेकली बघा! आता मोट सोडताय, का मला बी छाटताय?"