पूनमसिंगनं खबर देली

आता तुम्हीच सांगा, माह्यं काय चुकलं? म्या कोणाचं ढोर चोरलं? कोणाच्या कडब्याले काडी लावली? खबर देली, भाऊ... फक्त खबर देली! आन तवापासून सारा तांडा माह्याकडे असा पाह्यते, जसा माह्या बैलाच्या, पाखऱ्याच्या तोंडाले फेस मीच आणला!

हे लफडं माह्या गळ्यात पडलं कसं, ते ऐका. घाटंजीले सरकारी सभा झाली. बुळकांडी आता देशातूनच हाकलायची म्हणे. बुळकांडी म्हणजे तेच हो, ढोराले ताप येते, तोंड सडते, लाळ गळते, हगवण लागते आन पाहता पाहता गोठा रिकामा! साहेब म्हणे, "प्रत्येक वस्तीत एक जबाबदार माणूस नेमा. जनावर आजारी दिसलं की त्यानं ताबडतोब येऊन खबर द्यायची." आमच्या तांड्याचे नाईक डोंगरसिंग, त्यायनं इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं, आन बोट केलं माह्याकडे. काहून? तं म्हणे, "ह्याचे पाय लांब हायेत, लवकर पोचीन." आता पाय लांब असणं हा काय गुन्हा हाय का?

बरं, नेमलं तं नेमलं. पण खबर द्यायची कशी, सांगा? आमच्यात त्या रोगाचं नावच घेत नाईत! ती याडी हाय, आई. नाव घेतलं का तिले घरी बलावल्यासारखं होते. भावसिंगची गाय मेली, म्या इचारलं, "कायनं गेली रे?" तं म्हणे, "म्हातारी झालती." दोन वेताची गाय म्हातारी! अन् मंग एक दिवस सकाळी माह्या पाखऱ्यानं कडब्याले तोंड लावलं नाई. जवळ जाऊन पाह्यतो तं डोये लाल, तोंडातून लाळेची तार लागलेली... पाखऱ्या गेला तं मिरगात जुवाच्या एका अंगाले पाखऱ्याचा जोडीदार आन दुसऱ्या अंगाले मी! बायकोले, जमनीले म्हटलं, "मी निंगालो घाटंजीले."

पण इकडे नाईकायनं काय केलं होतं? तांड्याच्या तोंडाशी दोरी बांधून टाकली होती! कडुनिंबाचा पाला, मधात नारळ. आमची जुनी रीत हाय ते. ढोरावर याडी आली का दोरी बांधाची, अन् दोरी उतरेपर्यंत आतलं बाहेर नाई आन बाहेरचं आत नाई. मले वाटलं, मले तं नाईकायनंच नेमलं, मले कायची दोरी? गेलो खालून वाकून! मांगून नाईक वरडले, "पूनमसिंग! पाय टाकला बाहेर!" म्या म्हटलं, "खबर देऊन येतो!" म्हणे, "दे खबर. येतो मात्र म्हणू नको."

घ्या! पण फक्त खबरच तं द्यायची होती ना?

घाटंजीले डॉक्टर भेटले. पुण्याकडले, नवीन. बिचारे लगेच उठले, लसीची पेटी घेतली, रहमतचा टांगा केला. माह्या जिवात जीव आला. अर्ध्या रस्त्यात रहमतचा घोडा शिंकला. झालं! डॉक्टर खाली उतरले. "याच्या नाकाला पाणी का आहे?" रहमत म्हणे, "साब, बचपन से रोता है." डॉक्टर म्हणे, "घोड्यांचा एक वाईट रोग असतो, असाच सुरू होतो. तपासणी होईपर्यंत याला वेगळा बांधा, जोडायचा नाही." भर उन्हात! तिथून टांगा ओढला कोणी? एका बाजूनं रहमत, दुसऱ्या बाजूनं मी, मांगून घोडा शेपटी हलवत मोकळा, आन रहमतचं तोंड चालूच, "पूनमसिंग भाई, खबर तेरे बैल की, और पकडा गया मेरा घोडा!" म्या म्हटलं, बाप्पा, मी फक्त खबर देली!

पोचलो तं दोरीच्या आत नाईक, बाहेर डॉक्टर. डॉक्टर म्हणे, "मला आत येऊ द्या." नाईक म्हणे, "बाहेरचं माणूस आत नाई." डॉक्टर म्हणे, "मग जनावरं बाहेर आणा." नाईक म्हणे, "आतलं ढोर बाहेर नाई." डॉक्टर खूश! "शाब्बास, मीही हेच सांगायला आलो होतो!" दोघं एकच गोष्ट बोलून राह्यले होते, आन तिकडे पाखऱ्या तोंड खाली घालून उभा! आतून जमनी वरडे, "अहो ऐकलं का, त्यानं पाणी प्यायचं बी सोडलं!" माह्या डोयाले पाणी आलं हो. म्या हात जोडले, म्हटलं, "नाईक, पाय नका टाकू देऊ, पण मान? ढोराची मान दोरीखालून बाहेर आली, तं ते आत का बाहेर?" नाईकायनं लय इचार केला. "पाय आत हायेत ना? मंग आतच हाय."

अन् मंग काय सांगू तुम्हाले! एकेक ढोर दोरीपाशी आणा, मुंडकं बाहेर, शेपटी आत, डॉक्टर बाहेरून सुई टोचे, नाईक आतून खुरं पाहे. आजारी होते त्यायले वेगळ्या औषधाची सुई. पाखऱ्याची मान माह्याच हातात होती. सारं झालं, म्या दोरीखाली वाकलो, तं दोघंही एकदम वरडले! नाईक म्हणे, "हा याडीले घेऊन गावभर फिरला, आत नाई." डॉक्टर म्हणे, "याच्या कपड्यांना रोग असू शकतो, बाहेर कुठं जायचं नाही." मंग मी जाऊ कुठं? मोहाच्या झाडाखाली! मी आन रहमतचा घोडा! घोडा शिंकला का मी म्हणो, "रो बाबा, रो." डॉक्टरनं तपासलं, तं त्याले नुसती सर्दी होती. त्याले सुटी भेटली, रहमत घेऊन गेला. मी राह्यलो.

लय दिवसांनी, आजारी ढोरं बरी झाल्यावर, दोरी उतरली एकदाची. पाखऱ्या कडबा खाऊन राह्यला होता! भावसिंगची गाय सोडली तं एक बी ढोर गेलं नाई. नाईक म्हणे दोरीनं वाचले. डॉक्टर म्हणे सुईनं वाचले. म्या म्हटलं, वाचले ना! पळतच घरी गेलो, पाखऱ्याच्या गळ्यात हात टाकाले, तं जमनी मधात उभी. "खबरदार हात लावसान तं! बैल आत्ताच बरा झाला, तुम्ही कुठं कुठं लोळून आले कोणाले ठाव! तिकडे आंगणात, त्या खुंट्यापाशी बसा!"

म्या म्हटलं, बसतो बाई... बांधून बी टाक. फक्त दावं जरा लांब ठेव.